मालदीव की मॉरिशस? सहा जणांचं कुटुंब, ऑगस्ट महिना आणि लग्नाची चाळीस वर्षं

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. घर पिंपळगाव बसवंतच्या बाजूला, द्राक्षबाग. आईबाबांच्या लग्नाला ऑगस्टमध्ये चाळीस वर्षं होतायत, म्हणून सहा जणांनी समुद्रकाठी एखाद्या उत्तम हॉटेलात पाच-सहा रात्री राहायचं ठरवलंय. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा पाच. बाबांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालीय, आई श्रावण पाळतात. पैशांची ओढाताण नाही, पण खर्चाचं चीज व्हावं. मित्र म्हणतात मालदीव, बायको म्हणते मॉरिशस.

मी नाशिकमध्ये कुटुंबांच्या सहली आखून देण्याचं काम बरीच वर्षं करतेय आणि हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. बहुतेकांना दोन्ही ठिकाणचे फोटो शेजारी ठेवून निवड करायची असते. पण फोटोंत दोन्हीकडचं पाणी निळंच दिसतं, वाळू पांढरीच दिसते. मी समोरच्याला उलट विचारते: तिसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता आटोपल्यावर घरातला प्रत्येक जण काय करणार? पहिले दोन दिवस कुठेही छानच जातात. तिसऱ्या दिवसापासून जागेचा खरा स्वभाव कळायला लागतो. त्यामुळे तुमच्या प्रश्नात समुद्रापेक्षा ही सहा माणसं आणि ऑगस्ट महिना जास्त महत्त्वाचा आहे.

आधी एक मूलभूत फरक. मालदीवला जाणं म्हणजे एका हॉटेलात जाणं. सुमारे बाराशे छोटी बेटं, आणि त्यातली जी रिसॉर्टला दिली आहेत तिथे सहसा एका बेटावर एकच रिसॉर्ट. बऱ्याच बेटांना पंधरा-वीस मिनिटांत चालत फेरी मारून होते. जेवण, खेळ, डॉक्टर, दुकान, जे काही असेल ते त्या बेटावर. आवडलं तर स्वर्ग. कंटाळा आला तर बाहेर पडायला बोट लागते आणि तिचे पैसे पडतात. मॉरिशस हा डोंगर, उसाची शेतं, देवळं, बाजार आणि गावं असलेला नांदता देश आहे. हॉटेल हा तिथला मुक्काम. सकाळी गाडी बोलावली की तासा-दीड तासात बेटाच्या जवळपास कुठल्याही टोकाला पोचता येतं.

नवरा-बायको दोघंच असतील, दोघांना पाण्याची आवड असेल आणि चार दिवस कुणाशी बोलायचं नसेल, तर मी मालदीव सुचवते, आणि मनापासून सुचवते. व्हिलाच्या पायऱ्या उतरून थेट प्रवाळांवर पोहायला मिळणं ही चीज मॉरिशसमध्ये त्या तोडीची मिळत नाही. पण तुमचे बाबा शेतकरी आहेत. आयुष्यभर पहाटे उठून बागेत चक्कर मारलेला, चार माणसांशी बोलल्याशिवाय दिवस न जाणारा माणूस. अशा माणसाला वाळूवरच्या आरामखुर्चीत पाच दिवस बसवलं तर तो तक्रार करणार नाही, तुमचा उत्साह बघून हसेल, आणि तिसऱ्या दिवशी हळूच विचारेल, परत कधी जायचंय. हे मी अनेक घरांत पाहिलंय.

मॉरिशसमध्ये त्यांना बघायला पीक आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस. पाम्पलमूसजवळ एका जुन्या साखर कारखान्याचं संग्रहालय केलंय; यंत्रं जागच्या जागी आहेत, साखरेचे वेगवेगळे प्रकार चाखायला मिळतात. शेजारीच जुनं वनस्पती उद्यान आहे, तिथली परातीएवढ्या पानांची कमळं मुलांना फार आवडतात. दक्षिणेला बुआ शेरीला चहाचे मळे आहेत. भाषेचीही अडचण नाही. लोक आपसात क्रिओल बोलतात, फ्रेंच-इंग्रजी सगळीकडे चालतं आणि हिंदी समजणारी माणसं भरपूर भेटतात.

तिथे मराठी माणसंही आहेत. एकोणिसाव्या शतकात गिरमिटिया, म्हणजे करारबद्ध, मजूर म्हणून जी माणसं उसाच्या मळ्यांवर नेली गेली, त्यात आपल्याकडची, विशेषतः कोकणातली, कुटुंबं होती. त्यांचे वंशज आजही गणपती बसवतात, आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. पोर्ट लुईस बंदरातल्या ज्या धक्क्यावर हे मजूर उतरले तो 'आप्रवासी घाट' २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. जागा लहान आहे, तासाभरात बघून होते. पण आईबाबांच्या पिढीला तिथे नेलं की ती शांतपणे सगळं वाचत उभी राहते. मी हे ठिकाण कुठल्याही मराठी कुटुंबाला वगळू देत नाही.

आता ऑगस्ट. तुम्हाला ऑगस्टच का, हे मला कळतं. एप्रिलची खरड छाटणी, म्हणजे वेलीला नवी काडी यावी म्हणून केलेली, आणि त्यामागची काडीची कामं उरकलेली, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या गोडी छाटणीला, म्हणजे फळ धरण्यासाठीच्या छाटणीला, अजून अवकाश. एकदा गोडी छाटणी झाली की माल उतरेपर्यंत बाग सोडता येत नाही. सटाण्याकडच्या अर्ली छाटणीवाल्यांचं गणित वेगळं, पण तुमच्या भागात हीच फट मिळते. त्यात लग्नाचा चाळिसावा वाढदिवस बरोबर इथेच आलाय. म्हणजे महिना बदलता येत नाही, त्या महिन्याला साजेशी जागा निवडायची.

मालदीवचा कोरडा, शांत मोसम साधारण जानेवारी ते एप्रिल. मे ते ऑक्टोबर-नोव्हेंबर नैर्ऋत्य मोसमी वारे असतात, म्हणजे आपल्याकडे पाऊस आणतात तेच. तिथे इगतपुरीसारखी दिवसरात्र संततधार सहसा नसते. सर येते, ऊन पडतं, पुन्हा सर येते. पण समुद्र खवळलेला असतो, स्पीडबोट आपटत जाते, पाण्याखालचं कमी स्पष्ट दिसतं आणि हवा बिघडली की सीप्लेनचं, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाचं, वेळापत्रक कोलमडतं. दर उतरलेले असतात ते याचमुळे. या काळाची एक फार मोठी जमेची बाजूही सांगते: बा अटॉल नावाच्या बेटांच्या कड्यातल्या हानिफारू खाडीत साधारण जून ते ऑक्टोबर मांटा रे नावाचे प्रचंड, निरुपद्रवी मासे थव्याने खायला जमतात आणि स्नॉर्कल, म्हणजे श्वासाची नळी, लावून त्यांच्याजवळ पोहता येतं. तुम्ही दोघं पट्टीचे पोहणारे असतात आणि एकटे जात असतात, तर मी ऑगस्टमध्येही तिकडे धाडलं असतं.

मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला. आपला ऑगस्ट म्हणजे त्यांचा हिवाळा. दिवसा किनाऱ्यावर २३ ते २५ अंश, रात्री त्याहून पाच-सहा अंश कमी, पाऊस थोडा. चक्रीवादळांचा धोका मुख्यतः जानेवारी ते मार्च, त्याची आता चिंता नाही. वयस्कर माणसांना फिरायला ही हवा फार सुखाची. पण ऑगस्टमध्ये तिथे आग्नेयेकडून जोराचे व्यापारी वारे वाहतात आणि ते थेट पूर्व किनाऱ्यावर आदळतात. अनेक नामांकित, महागडी हॉटेलं बेल मार आणि आसपासच्या पूर्व किनाऱ्यावर आहेत, आणि ऑगस्टमध्ये तिथल्या सवलती बघून लोक भुलतात. मग दिवसभर कानात वारा आणि अंगावर वाळू. मधल्या डोंगरांच्या आडोशाला असलेला पश्चिम किनारा त्या मानाने निवांत असतो: फ्लिक-आँ-फ्लाक, वोल्मार, खाली ल मॉर्न. त्यातही ल मॉर्नच्या अगदी टोकाला वारा लागतो, पतंग घेऊन लाटांवर खेळणारे तिथे जमतात ते त्यासाठीच. म्हणून तुमच्यासाठी मी फ्लिक-आँ-फ्लाक आणि वोल्मारचा पट्टा धरीन. सूर्यास्तही तिथूनच समुद्रात दिसतो, सहाच्या सुमारास.

पाणी मात्र थंड असतं, २२-२३ अंशांच्या आसपास. पाच वर्षांचं पोर दहा मिनिटांत कुडकुडत बाहेर येईल. त्यामुळे हॉटेलला विचारायचा पहिला प्रश्न: तरणतलावाचं पाणी तापवता का? 'हो' असं लेखी उत्तर आलं तरच पुढे जा. या एका गोष्टीवर मुलांची अर्धी सहल अवलंबून आहे.

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी ओझरत्या आल्यात, माझ्या दृष्टीने त्याच निर्णायक आहेत.

पहिली बाबांची तब्येत. दोन वर्षं झालीत, डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली असेल, तर दोन्हीकडे जाता येईल. पण रात्री दोन वाजता छातीत जरा जरी दुखलं तर काय, याचा विचार मी साठीपुढच्या प्रत्येक माणसासाठी करते. मालदीवच्या मोठ्या रिसॉर्टमध्ये डॉक्टर असू शकतो, पण खऱ्या उपचारांसाठी सहसा राजधानी मालेपर्यंत यावं लागतं. सीप्लेन फक्त उजेडात उडतं. रात्री उरते ती बोट, आणि ऑगस्टचा समुद्र. मॉरिशसच्या पश्चिम किनाऱ्यावरून चांगल्या खासगी रुग्णालयात गाडीने तासाभराच्या आत पोचता येतं. मुलगा आणि सून म्हणून रात्री शांत झोप लागावी, तर हा फरक छोटा नाही.

दुसरी आईंचा श्रावण. मालदीवच्या कस्टम्स नियमांनुसार पूजेच्या मूर्ती देशात नेता येत नाहीत. आपल्याकडे अनेक घरांत प्रवासातही बाळकृष्ण किंवा छोटी पिंड सोबत असते, आणि विमानतळावर ती बाजूला काढून ठेवायला लागली तर आईंच्या मनाला ते सहलभर लागून राहील. त्या देशाचा तो कायदा आहे, तो पाळायलाच हवा; आपल्याला आधी माहीत हवा इतकंच. दारूही नेता येत नाही, रिसॉर्टमध्ये विकत मिळते.

याउलट मॉरिशसमध्ये उंचावरच्या एका विवरात गंगा तलाव आहे. काठावर महादेवाचं देऊळ, आणि वाटेवर ३३ मीटर उंचीचे उभे शंकर. महाशिवरात्रीला बेटभरातून लोक तिथे चालत येतात. श्रावणी सोमवारी त्र्यंबकेश्वराची ओढ लागणाऱ्या आईंना त्याच सोमवारी गंगा तलावावर अभिषेक करता आला, तर चाळिसाव्या वर्षाची याहून चांगली भेट मला सुचत नाही. दिवस ठरवताना सोमवार मध्ये येईल असं बघा. वर धुकं आणि गारठा असतो, आईबाबांना स्वेटर आणि मुलांना टोपी हवीच.

खाण्याचंही तसंच. मालदीवच्या चांगल्या रिसॉर्टमध्ये शाकाहारी जेवण मिळतं, आधी मेल केला तर कांदा-लसूण वगळूनही करतात. पण उपवासाच्या दिवशी काय, याचं उत्तर एकाच स्वयंपाकघराकडे असतं. मॉरिशसमध्ये हिंदू वस्ती मोठी, शाकाहार ओळखीचा, बाजारात फळं आणि भाजी मिळते. तिथली दालपुरी, म्हणजे शिजवलेली डाळ भरलेली मऊ पोळी, रस्त्यावर गरम गरम मिळते. आईंना ती पुरणपोळीची तिखट बहीणच वाटेल. बाहेरच्या दालपुरीबरोबरच्या रश्श्यात कांदा-लसूण असतो, तेवढं विचारून घ्या.

पैशांकडे येते. मालदीवचा भाव वाचताना खोलीच्या आकड्यावर थांबू नका. त्यावर साधारण १० टक्के सेवाशुल्क, त्यावर जुलै २०२५ पासून १७ टक्के पर्यटन जीएसटी, आणि रिसॉर्टमध्ये माणशी दर रात्री १२ डॉलर हरित कर, जो २०२५ च्या जानेवारीत दुप्पट झाला. तुम्ही सहा जण पाच रात्री राहिलात तर नुसता हरित करच ३६० डॉलर. त्याखेरीज बेटावर जायचं-यायचं भाडं माणशी लागतं, आणि सीप्लेन असेल तर तोच आकडा अंगावर येतो. शिवाय एका व्हिलात सहा जण बसत नाहीत. दोन व्हिला घ्यायचे तर आईबाबा कुठल्या टोकाला, तुम्ही कुठल्या, हे विचारावं लागतं. पाण्यावरच्या व्हिलात लहान मुलांना अनेक रिसॉर्ट परवानगीच देत नाहीत, आणि देत असतील तरी खाली समुद्र, डेकला धड कठडा नाही, घरात पाच वर्षांचा मुलगा. मी तरी ते कुणाला सुचवत नाही.

मॉरिशसमध्ये विमानाचं तिकीट महाग पडतं, कारण मुंबईहून सुमारे सहा तासांचा प्रवास आहे. मालेला पावणेतीन तास पुरतात. पण उतरल्यावर खर्च आटोक्यात राहतो. न्याहारी आणि रात्रीचं जेवण धरून भाव सांगायची पद्धत आहे, मुलांना सवलत असते, दोन शयनगृहांची कौटुंबिक घरं मिळतात आणि दुपारी बाहेर कुठेही जेवता येतं. एकाच दर्जाच्या हॉटेलांची तुलना केली तर तुमच्यासारख्या सहा जणांना मॉरिशस बहुतेक वेळा स्वस्त पडतं. दोघांसाठी हे गणित नेहमी असंच राहील असं नाही.

तर इतक्या कारणांनी तुमच्यासाठी माझं उत्तर मॉरिशस, पश्चिम किनारा, सहा रात्री, सगळ्या एकाच हॉटेलात. तीन रात्री इथे, तीन तिथे अशी विभागणी मला या वयाच्या माणसांसोबत आवडत नाही. सामान बांधण्यात दिवस जातो.

दिवसांची आखणी अशी ठेवा की एक दिवस बाहेर आणि एक दिवस हॉटेलात. पोचलात त्या दिवशी काही नको. एक दिवस नैर्ऋत्य भागाचा: सकाळी गंगा तलाव, येताना काळ्या नदीच्या घळीचा कडा, मग शामारेलची सात रंगांची माती आणि धबधबा. एक दिवस उत्तरेचा: आप्रवासी घाट, उद्यान, साखर संग्रहालय. जुलै ते ऑक्टोबर पश्चिमेच्या खोल समुद्रात कुबड्या देवमासे येतात. तुम्ही दोघं आणि मुलगी बोटीतून जा, छोट्याला आजी-आजोबांकडे ठेवा. बोटवाला प्राण्यांपासून अंतर राखतो का, हे विचारून मगच ठरवा. दक्षिण-पूर्वेला ब्लू बे इथे तळाला काच असलेल्या बोटी असतात, पोहता न येणाऱ्या आईबाबांनाही प्रवाळ बसल्या जागी दिसतात. वारा कमी असेल त्या दिवशी जा. पॅकेजमध्ये शिरस्त्राण घालून समुद्रतळावर चालण्याचा कार्यक्रम असतो, तो बाबांसाठी नको. किनाऱ्यावर उथळ पाण्यात सगळ्यांना रबरी तळाचे बूट घाला, समुद्री साळूचा काटा पायात मोडला तर सहल तिथेच संपते.

हॉटेल पक्कं करताना खोल्यांविषयी नेमकं लिहून विचारा: तळमजला आहे का, दोन खोल्यांमध्ये आतून दार आहे का, न्हाणीघरात टबवर चढावं लागतं की सपाट शॉवर आहे, खोलीपासून जेवणघर किती पावलांवर. फोटोत टब छान दिसतो, सत्तरीच्या जवळ आलेल्या गुडघ्यांना तो नको असतो.

नाशिकहून निघायचं तर समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून कसारा घाट टळतो, पण आमणेपुढची भिवंडी-ठाण्याची गर्दी आणि ऑगस्टचा पाऊस कुणाच्या हातात नाही. पहाटेचं विमान असेल तर आदल्या रात्री विमानतळाजवळ मुक्काम करा. बाबांना रात्रभर गाडीत बसवून मग सहा तास विमानात बसवू नका. विमानात पायांची हालचाल आणि औषधं हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसकट.

भारतीयांना पर्यटनासाठी मॉरिशसला आगाऊ व्हिसा लागत नाही. परतीचं तिकीट, हॉटेलचं आरक्षण आणि निघण्याआधी भरलेला त्यांचा ऑनलाइन प्रवासी फॉर्म जवळ ठेवा. प्रवास विम्यात अँजिओप्लास्टी स्पष्ट लिहा, हप्ता वाढला तरी. लपवलेला आजार असला की दावा नाकारला जातो.

परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आधीच गोळा करायचा आयकर, कापला जातो. दर अधूनमधून बदलतो, पैसे भरताना चालू दर विचारा. ती रक्कम तुमच्या पॅनवर जमा होते आणि विवरणपत्र भरल्यावर परत मिळू शकते. शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून अनेक बागाईतदार विवरणपत्र भरतच नाहीत आणि ही रक्कम तशीच सोडून देतात. पैसे ज्याच्या नावावरून जातील त्याने त्या वर्षीचं विवरणपत्र नक्की भरावं.

आणि मालदीव तुमच्या मनात असेलच, तर ते तुम्हा दोघांसाठी ठेवा. माल उतरला, व्यापाऱ्याचे पैसे आले, आणि खरड छाटणीला आठवडाभर अवकाश आहे, असा मार्चअखेरचा आठवडा बघा. समुद्र तेव्हा शांत असतो. दुपारी तीनच्या आत मालेला उतरणारं विमान घ्या म्हणजे सीप्लेन त्याच दिवशी मिळेल, आणि चार रात्री भरपूर होतात.

तूर्तास आईबाबांचे पासपोर्ट बाहेर काढून मुदत तपासा. परतीच्या तारखेनंतर सहा महिने शिल्लक हवेत. संपत आले असतील तर नाशिकच्या पासपोर्ट सेवा केंद्रात लगेच वेळ घ्या, तिकिटं त्यानंतरच काढा.